पाच सेंटिमीटर जाडीचा पुरावा

वाघोलीत बोअरची गाडी लागली की आसपासच्या चार इमारतींना कळतं. कॉम्प्रेसर धडधडतो, हातोडा कातळावर आपटत साडेसहा इंची भोक खाली नेतो आणि भोकाच्या तोंडातून राखाडी धुरळा उसळतो. बोअरवाला अधूनमधून मूठभर भुकटी तळहातावर घेऊन पाहतो. काळी, मग तांबूस, मग पुन्हा काळी. भुकटीला ओल आली की सोसायटीच्या माणसांचे चेहरे उजळतात. नाही आली तर ‘नुसता फुफाटा निघाला’ म्हणत गाडी पुढच्या प्लॉटवर जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातली ती भुकटी झाडून टाकतात. शेकडो फूट कातळाची सगळी हकीकत त्या भुकटीत असते आणि ती कुणीच लिहून घेतलेली नसते.

जमिनीला भोक पाडण्याची दुसरी एक पद्धत आहे. तिच्यात दगडाचा चुरा करायचा नसतो, दगड अखंड वर आणायचा असतो. पोकळ नळीच्या टोकाला एक कडं बसवतात आणि त्या कड्याच्या धातूत हिऱ्याचे बारीक कण घातलेले असतात. नळी गरगर फिरते, कडं कातळात गोल चर कापत उतरतं आणि मधला दगड तसाच नळीत शिरतो. कडं तापू नये आणि चुरा वर यावा म्हणून आतून सतत पाणी सोडलेलं असतं. साधारण तीन मीटर कापून झाले की तारेने आतली नळी वर ओढतात. तिच्यातला दगडाचा दांडा खाचा पाडलेल्या पेटीत ओळीने मांडतात आणि पेटीच्या कडेवर खोलीचे आकडे लिहितात. या दांड्याला या व्यवसायातली माणसं ‘कोअर’ म्हणतात. शोधकामात फार वापरल्या जाणाऱ्या एका मापाचा कोअर ४७.६ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे जेमतेम पाच सेंटिमीटर. जगात हिऱ्याची खाण काढायची की नाही हा कोट्यवधींचा निर्णय या पाच सेंटिमीटर दगडापासून सुरू होतो.

हिरा शोधायलाही हिराच लागतो. १८६० च्या दशकात रोडोल्फ लेशो या अभियंत्याने ब्राझीलमधले काळे हिरे पोलादी कड्यात बसवून दगड कापायला सुरुवात केली. हे काळे हिरे दागिन्यांच्या कामाचे नव्हते, पण घासायला अतिशय टणक होते. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन कृत्रिम हिरा तयार केला. आज कड्यात बसतात ते बहुतेक असे कारखान्यात घडवलेले कण.

वाघोलीच्या माणसाच्या मनात इथे एक प्रश्न येणारच. या गावाने पुण्याला वर्षानुवर्षं खडी, कच आणि डबर पुरवलं. डोंगर पोखरून खोल खाणी झाल्या. मग एवढ्या दगडात कधी हिरा कसा नाही निघाला?

कारण हा दगड पुरेशा खोलातून आलेला नाही. वाघोलीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर वाहिला आणि दख्खनचं पठार तयार झालं. आज हा दगड जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याखाली झाकला गेला आहे. पण ज्या खोलीवर हा लाव्हा वितळून निघाला ती हिऱ्याच्या मानाने उथळ होती. कार्बनचा हिरा व्हायला आणि हिरा म्हणून टिकायला साधारण दीडशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवरचा दाब लागतो. तिथे तापमानही त्या खोलीच्या मानाने कमी असावं लागतं. अशी जागा जुन्या, अब्जावधी वर्षं न हललेल्या भूखंडांच्या मुळाशीच मिळते. तिथून किंबर्लाइट किंवा लॅम्प्रोइट नावाचा वेगळाच लाव्हा क्वचित कधी वर येतो आणि वाटेतले हिरे सोबत आणतो. तो अतिशय वेगाने यावा लागतो, कारण सावकाश आला तर हिऱ्याचं ग्रॅफाइट होतं. वर आल्यावर हा लाव्हा गाजराच्या आकाराची उभी नळी भरून थिजतो. नळीचं तोंड पुष्कळदा काही एकरांचंच असतं, आणि माती, जंगल किंवा तळ्याखाली ते दडून राहिलं तर शेजारून गेलेल्यालाही कळत नाही.

वाघोलीच्या वाट्याला मात्र दुसरं एक रत्न आलं आणि जगातल्या खनिजप्रेमींना ते ठाऊक आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे गरम पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. पांढरा स्टिल्बाइट आणि त्याच्यावर मोरपिशी निळ्या फुलासारखा कॅव्हान्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांपासून बनलेलं हे खनिज पहिल्यांदा १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सापडलं, पण तिथले नमुने बारीक होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी वाघोलीच्या खाणींतून ते असं भरभरून निघालं की आज कुठल्याही मोठ्या संग्रहालयात कॅव्हान्साइट पाहिला तर खालच्या चिठ्ठीवर वाघोलीचं नाव असण्याचीच शक्यता जास्त. सुरुंग उडाल्यावर पोकळीतला हा निळा ठिपका आधी दिसला तो खाणकामगारांना. याच कामगारांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेने वाघोलीत आणि आसपास पाषाण शाळा चालवल्या, हेही या गावाच्या दगडाच्या इतिहासात लिहिलं गेलं पाहिजे.

महाराष्ट्रात हिरा नव्हताच असं मात्र नाही.

नागपूरच्या आग्नेयेला, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात वैरागड नावाचं गाव आहे. तिथे जुना किल्ला आहे आणि भांडारेश्वराचं देऊळ आहे. चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याच्या अकराव्या शतकातल्या तमिळ शिलालेखांत ‘वयिराकरम’ या ठिकाणी हत्ती पकडल्याचा उल्लेख येतो. वज्राकर म्हणजे हिऱ्याची खाण, आणि अभ्यासक ते ठिकाण म्हणजे वैरागड मानतात. अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-इ-अकबरी’त इथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद केली, तेव्हा हा मुलूख चांद्याच्या गोंड राजाच्या ताब्यात होता. ब्रिटिश काळातल्या भूशास्त्रज्ञांनी इथल्या जुन्या खाणी पाहून लिहिलं की हिरे जांभ्यासारख्या खडेरी थरातून काढले जात. म्हणजे हिरे मूळ नळीत नव्हते. कुठून तरी झिजून, वाहून येऊन ते त्या थरात बसले होते.

भूशास्त्राच्या दृष्टीने वैरागडची गोष्ट मुळीच विचित्र नाही. गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरचा काही भाग बस्तरच्या अतिप्राचीन भूखंडावर बसला आहे. हा दगड दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी पटींनी जुना. त्याच भूखंडावर सीमेपलीकडे छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यात पायलीखंड आणि बेहराडीह इथे हिरे असलेल्या किंबर्लाइट नळ्या सापडल्या आहेत. वाहून आलेल्या हिऱ्याचं माहेर शोधायचं असेल तर प्रवाहाच्या उलट दिशेने जावं लागतं, आणि जगातल्या हिऱ्यांच्या शोधाची पद्धत नेमकी हीच आहे.

ती पद्धत सर्वांत ठळकपणे दिसली कॅनडात. चार्ल्स फिप्की हा भूशास्त्रज्ञ आणि त्याची डाया मेट मिनरल्स ही छोटी कंपनी. अशा कंपन्यांना खाणउद्योगात ‘ज्युनिअर’ म्हणतात. ज्युनिअर कंपनीकडे चालती खाण नसते, म्हणून विक्रीचं उत्पन्नही नसतं. ती शेअर विकून पैसे उभे करते, ते पैसे जमीन धुंडाळण्यात आणि भोकं पाडण्यात संपवते. काही सापडलं तर मोठ्या कंपनीशी भागीदारी करते, नाही तर पुन्हा भागधारकांपुढे उभी राहते. फिप्की आणि त्याचे सहकारी स्टुअर्ट ब्लुसन यांनी १९८० च्या दशकात वर्षामागून वर्षं उत्तर कॅनडातली वाळू चाळली. त्या वाळूत हिरे शोधले जात नव्हते. शोधले जात होते हिऱ्याचे सोबती. पायरोप हा जांभळट लाल गार्नेट, हिरवागार क्रोम डायोप्साइड, काळा इल्मेनाइट. किंबर्लाइटमध्ये ही खनिजं हिऱ्याच्या कितीतरी पट अधिक असतात आणि नळी झिजल्यावर दूरवर विखुरतात. कॅनडात त्यांना वाहून नेणाऱ्या नद्या नव्हत्या, हिमयुगातल्या हिमनद्या होत्या. बर्फ जिकडून आला तिकडे शेकडो किलोमीटर मागे सरकत ही जोडी लाक द ग्रा नावाच्या तळ्याच्या परिसरात पोचली. तिथे सोबत्यांचा माग अचानक तुटला. म्हणजे उगम जवळच होता.

१९९१ मध्ये पॉइंट लेक नावाच्या तळ्याच्या काठावरून, तळ्याच्या पोटाखाली जाईल असं तिरपं भोक पाडलं गेलं. तोपर्यंत बीएचपी ही बलाढ्य कंपनी भागीदार झाली होती. कोअरमध्ये किंबर्लाइट लागला. त्यातला ५९ किलो दगड प्रयोगशाळेत गेला आणि त्यातून ८१ छोटे हिरे निघाले. ही बातमी नोव्हेंबर १९९१ मध्ये जाहीर झाली तेव्हा कॅनडाच्या त्या निर्मनुष्य टुंड्रावर जागा राखून ठेवायला कंपन्यांची झुंबड उडाली. एकाटी ही कॅनडातली पहिली मोठी हिऱ्याची खाण ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाली.

५९ किलो ऐकायला फार वाटतं. पण ४७.६ मिलिमीटर जाडीच्या कोअरचं वजन मीटरला साधारण साडेचार किलो भरतं, म्हणजे एवढ्या वजनाला तेरा मीटर कोअर पुरतो. आता भारतातलं उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशातल्या पन्ना इथली मझगवां खाण ही देशातली यंत्रांवर चालणारी हिऱ्याची खाण, राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाच्या मालकीची. तिथल्या शंभर टन दगडात साधारण दहा कॅरट हिरा असतो. कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. शंभर टनांत दोन ग्रॅम! या प्रमाणाच्या नळीत शंभर मीटर खोल भोक पाडलं तर निघणाऱ्या सगळ्या कोअरमध्ये नऊ-दहा मिलिग्रॅम हिरा असेल. तोही बारीक कणांत विखुरलेला. म्हणून कोअर बाहेर आला की डोळ्यांना हिरा दिसेल अशी आशा कुणी अनुभवी माणूस करत नाही. कॅनडातच १९९४ मध्ये अबर रिसोर्सेस या दुसऱ्या ज्युनिअर कंपनीच्या कोअरमध्ये दोन कॅरटच्या आसपासचा हिरा चक्क अडकलेला दिसला. ते काम पाहणारी तरुण भूशास्त्रज्ञ होती आयरा थॉमस. पुढे तिथे डायव्हिक ही खाण उभी राहिली. असं दृश्य भूशास्त्रज्ञाच्या आयुष्यात एकदा जरी आलं तरी भाग्य.

एरवी निर्णय लागतो तो भट्टीत. कोअरचे तुकडे कॉस्टिक सोड्यात घालून साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. दगड विरघळतो, हिरा विरघळत नाही. उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली चाळून मिलिमीटरहूनही लहान हिरे मोजतात. बारीक हिरे किती, त्याहून थोडे मोठे किती, त्याहून मोठे किती, या उतरणीवरून मोठ्या हिऱ्यांचा अंदाज बांधतात. अंदाज बरा दिसला तर जाड भोकं, मग शेकडो-हजारो टनांचा नमुना, मग हिऱ्यांची प्रत्यक्ष किंमत. या प्रत्येक पायरीवर खर्च अनेक पटींनी वाढतो आणि प्रत्येक पायरीवर बहुतेक नळ्या गळतात. जगाचा ढोबळ हिशोब असा सांगतात की तपासलेल्या सुमारे सात हजार नळ्यांपैकी हजारेक नळ्यांत हिरे निघाले आणि त्यांतल्या साठेक नळ्याच खाण काढण्याच्या लायकीच्या ठरल्या.

म्हणजे ज्युनिअर कंपनीच्या भोकातून येणारं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. आपल्याकडे ‘बोअर कोरडी गेली’ म्हणजे पैसे बुडाले असं मानतात. शोधकामात मात्र नीट नोंदवलेलं ‘नाही’ ही कमाई असते. या चौकोनात किंबर्लाइट नाही, इथे चुंबकीय सर्वेक्षणात दिसलेला डाग साध्या डोलेराइट दगडाचा होता, ही माहिती पुढच्या माणसाची दहा भोकं वाचवते. मात्र त्यासाठी कोअर जपलेला असावा लागतो. तो उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेला द्यायचा आणि अर्धा पेटीत ठेवायचा, हा या व्यवसायाचा पाळलाच पाहिजे असा नियम आहे.

तो मोडला की काय होतं हे ब्रे-एक्स या कॅनडाच्या ज्युनिअर कंपनीने दाखवलं. इंडोनेशियातल्या बुसांगच्या जंगलात प्रचंड सोनं सापडल्याचं तिने सांगितलं. शेअर गगनाला भिडले. १९९७ मध्ये उघड झालं की नमुन्यांत सोनं बाहेरून मिसळलेलं होतं. कंपनी अर्धा कोअर राखून ठेवण्याऐवजी सगळा चिरडून तपासायला पाठवत होती. पडताळणीला दगडच उरला नव्हता. साध्या गुंतवणूकदारांची पुंजी गेली, पेन्शन फंडांना मोठा फटका बसला, आणि त्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये खनिजसाठ्यांचे आकडे जाहीर करण्यावर कडक नियम आणले. तेव्हापासून पात्र तज्ज्ञाने जबाबदारी घेतल्याशिवाय कंपनीला असे आकडे जाहीर करता येत नाहीत.

भारतात ज्युनिअर कंपन्या फारशा रुजल्या नाहीत. शोधाचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासारख्या सरकारी संस्थांकडेच राहिलं. १९७२ मध्ये स्थापन झालेली आणि नागपुरात मुख्यालय असलेली एमईसीएल ही सरकारी कंपनी तर खनिजांसाठी भोकं पाडण्याचंच काम करते. २०१५ च्या कायद्याने खाणींचे पट्टे लिलावाने देणं सक्तीचं केलं, आणि शोधणाऱ्याला आपल्याच शोधावर हक्क उरेना. २०२३ च्या दुरुस्तीने यातून वाट काढली. खोलवरच्या आणि महत्त्वाच्या २९ खनिजांसाठी ‘अन्वेषण परवाना’ आला, आणि त्या यादीत हिरा आहे. एका परवान्याखाली एक हजार चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र धुंडाळता येतं. काही सापडलं तर सरकार खाणीचा लिलाव करतं आणि लिलावाच्या अधिमूल्यातला हिस्सा शोधणाऱ्याला मिळतो. परवाना मिळवायची बोलीही उलटी असते, जो सर्वांत कमी हिस्सा मागेल त्याला परवाना. अशा १३ क्षेत्रांचा देशातला पहिला लिलाव १३ मार्च २०२५ रोजी गोव्यात जाहीर झाला, आणि त्यातल्या खनिजांत हिराही होता.

परवान्याचं क्षेत्र नकाशावर आखलं जातं तेव्हा त्या चौकोनात माणसं राहत असतात. मध्य प्रदेशात छतरपूर जिल्ह्यातल्या बक्सवाहाच्या जंगलात रिओ टिंटो या जागतिक कंपनीला २००४ मध्ये हिऱ्याची नळी सापडली. पुढची बारा-तेरा वर्षं काम करून कंपनी बाहेर पडली आणि २०१७ मध्ये तो प्रकल्प राज्य सरकारकडे देऊन गेली. २०१९ मध्ये बिर्ला समूहाच्या एस्सेल मायनिंगने लिलाव जिंकला. खाणीसाठी दोन लाखांवर झाडं तोडावी लागणार हे कळताच २०२१ मध्ये देशभर विरोध झाला. गडचिरोलीत उद्या कुणी वैरागडच्या हिऱ्यांचं माहेर शोधायला निघालं तर त्याच्यापुढेही जंगल असेल आणि ग्रामसभा असेल. हा तोच जिल्हा आहे जिथे मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळवला. कोअरच्या यंत्राला रस्ता लागतो, ओढ्याचं पाणी लागतं, भोक बुजवून जागा पूर्ववत करावी लागते. यंत्र येण्याआधी हे सगळं ग्रामसभेपुढे मांडलं पाहिजे, आणि काम संपल्यावर कोअरच्या पेट्या गावाला उघडून दाखवल्या पाहिजेत. आपल्या पायाखाली काय आहे हे आधी कळण्याचा मान त्या गावाचा.

कोअर जपण्याचं एक उत्तम काम महाराष्ट्रात झालेलं आहे, फक्त ते हिऱ्यासाठी नव्हतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि त्यानंतर थांबत नसलेले धक्के यांचं मूळ पाहायला केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कोयना परिसरात आधी नऊ शोधभोकं पाडली, काही दीड किलोमीटर खोल. मग गोठणे इथे तीन किलोमीटरचं भोक २०१७ मध्ये पूर्ण झालं. तिथे १,२४७ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि जुना ग्रॅनाइट लागला. सव्वा किलोमीटर लाव्ह्याखाली महाराष्ट्राचं जुनं पोट कसं आहे, हे अंदाजाने सांगायचं ते दगड हातात घेऊन सांगता आलं. हे काम पाहणारी प्रयोगशाळा कराडला आहे.

कोयनेच्या कोअरमधला काळा दगड वाघोलीच्या दगडाचा भाऊबंद आहे. दोन लाव्ह्यांच्या मधला तो तांबूस थरही त्यात येतो, वाघोलीतला बोअरवाला भुकटीत पाहतो तोच. फरक इतकाच की इथे त्या थराला खोली आहे, जाडी आहे आणि नोंदवहीत जागा आहे. वाघोलीच्या निळ्या कॅव्हान्साइटच्या चिठ्ठीवर बहुधा फक्त गावाचं नाव असतं. तो खाणीच्या कोणत्या बाजूला, जमिनीपासून किती फुटांवर, कुठल्या लाव्ह्याच्या पोकळीत मिळाला हे लिहिलेलं क्वचितच आढळतं. गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, वस्ती खाणींच्या काठापर्यंत पोचली. तरीही बोअरच्या गाड्या रोज कुठे ना कुठे लागतातच. दर दहा फुटांना चिमूटभर भुकटी एका छोट्या पिशवीत भरून तिच्यावर आकडा टाकायला बोअरवाल्याला दोन मिनिटं लागतील, आणि त्या पिशव्या द्यायला राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय तर पुण्यातच आहे.